आमचा पूल खचला नाही, वर आला

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या शनिवारच्या तुमच्या घरांच्या पुरवणीत बंगल्याच्या अंगणात स्विमिंग पूल कसा करावा यावर अख्खं पान होतं, ते मी दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा बायकोला मोठ्यानं. टाइल्सचे रंग होते, पाण्यातले दिवे होते, काठावर टाकायच्या लाकडी खुर्च्या होत्या, दीड महिन्यात पूल तयार असंही होतं, फक्त पूल ज्या जमिनीत बसवायचा त्या जमिनीचा पत्ता नव्हता. म्हणून हे पत्र. लांबलंय ते माहितीये, कापायचं असेल तर दिव्यांचं कापा, पाण्याचं कापू नका.

मी वांगणी-नेरळ पट्ट्यात राहतो. वीज मंडळात ३४ वर्षं काढली, आधी एमएसईबी म्हणायचो, २००५ नंतर महावितरण झालं, काम तेच. रिटायर झाल्यावर डोंबिवलीचा फ्लॅट विकला आणि इथं बंगला प्लॉट घेतला. नातवंडं ठाण्याला, त्यांच्या कॉम्प्लेक्समधे पूल आहे पण त्याला टाइमटेबल आहे, टोपी कंपल्सरी, पाहुणा आणायचा तर वेगळी पावती, तर पोरं म्हणाली आजोबा तुमच्याकडे एवढी जागा आहे मग आपला पूल का नाही. झालं. आजोबा लोक कुठे हरतात ते पोरांना बरोबर माहीत असतं.

२०२२ च्या जानेवारीत तीन कोटेशन मागवली. मी मधलं घेतलं, कारण स्वस्तातलं घेतलं की फसतो आणि महागातलं घेतलं की लोक येडं समजतात, असा माझा हिशोब. २५ फूट बाय १२ फूट, एका टोकाला साडेतीन फूट, दुसऱ्या टोकाला साडेपाच. नऊ लाख चाळीस हजार. ते कोटेशन माझ्याकडे अजून आहे. दोन पानं. टाइल्सच्या पाच ओळी, दिव्यांच्या तीन, शिडीची एक, पंप-फिल्टरच्या चार, आणि जमिनीबद्दल एकच ओळ, ‘एक्स्कव्हेशन ॲज पर साइट’, म्हणजे खोदकाम जागेप्रमाणे. तेव्हा ती ओळ मी वाचून पुढे गेलो. आज तीच एक ओळ वाचतो, बाकीची दोन पानं नाही वाचत.

खोदकाम चालू होतं तेव्हा खालच्या वाडीतले एक म्हातारबाबा बांधावर येऊन उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "शेट, हितं आवणी व्हायची. पावसात पाय ठेवला का ढोपरापर्यंत आत. हितं खड्डा कशापायी घेता?" आवणी म्हणजे भाताची लावणी. म्हणजे माझा प्लॉट हे मूळचं भातखाचर. पाणी धरून ठेवावं म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून, बांध घालून तयार केलेली जमीन, त्यावर प्लॉटिंगवाल्यानं तीन फूट मुरमाचा भराव टाकला, रस्ता केला, गेट बसवलं आणि गेटला इंग्रजी नाव दिलं. मी कॉन्ट्रॅक्टरला विचारलं की बाबा काय म्हणतायत ऐकलंस का. तो म्हणाला, "काका, आता भराव आहे, तेव्हाचं वेगळं होतं." फेब्रुवारीत खड्डा कोरडा ठणठणीत होता, खाली उतरून मी स्वतः पाहिलं, त्यामुळे मलाही पटलं. फेब्रुवारीत सगळ्यांचाच खड्डा कोरडा असतो.

आता माझी स्वतःची गंमत सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी सगळं दुसऱ्यावर ढकलतोय. मी साइटवर रोज होतो. पण माझं लक्ष होतं विजेवर. त्यांचा वायरमन पंपाच्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, न घालताच निघाला होता, त्याला परत बोलावलं, ३० मिलिअँपिअरची घालायला लावली. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर काठावर नाही, लांब पंपरूममधे. पुलाच्या सळ्या, स्टीलची शिडी, हँडरेल सगळं एकमेकांना जोडून अर्थिंगला घेतलं, त्यासाठी वेगळा अर्थ पिट खणला, दोन दिवस भांडलो, तो वायरमन मला बघून वाट बदलायला लागला. आणि एवढं सगळं करत असताना बेसची स्लॅब फक्त सहा इंच पडतेय, भिंती सहा इंच, मागे मातीचा भराव तसाच ढकलतायत, खाली पाणी जायला काही वाट ठेवलेली नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मला त्यातलं काही कळलं नाही. ज्याला जे कळतं तेच तो तपासतो.

मे महिना मस्त गेला. त्याबद्दल फार लिहीत नाही, पोरं, आंबे, ओले टॉवेल, तुम्हाला कल्पना आहे.

जुलैत पाऊस लागला. आमच्याकडे पाऊस लागतो म्हणजे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. पुलाचं पाणी हिरवं झालं. पावसाच्या पाण्यानं क्लोरीन पातळ होतं, त्यात वरून माती-पाला येतो, शेवाळ धरतं, यात जगावेगळं काही नाही हे आता कळलं, तेव्हा मला वाटलं पूल बिघडला. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. त्यानं माणूस पाठवला. माणसानं पाण्यात हात घालून वास घेतला आणि म्हणाला, "सगळं काढून टाकू, ॲसिड वॉश मारू, नव्यासारखा करून देतो." सबमर्सिबल लावला, संध्याकाळपर्यंत पूल रिकामा. उद्या सकाळी येतो म्हणून तो गेला.

रात्री दोन-सव्वादोनला ट्रकचा टायर फुटावा तसा आवाज आला. मग करकर करकर, जुनं लाकडी दार कोणीतरी अगदी हळू उघडतंय तसं, मिनिटभर तरी. आम्हाला वाटलं झाड पडलं. सकाळी बाहेर आलो तर पुलाचं खोल टोक डेकच्या वर. पट्टी आणून मोजलं, नऊ इंच. उथळ टोक साडेतीन इंच. डेकच्या फरश्या उभ्या राहिलेल्या, स्किमरचा, म्हणजे पाण्यावरचा पाला ओढून घेणाऱ्या तोंडाचा, पाइप मोडून पडलेला, आणि तिरक्या झालेल्या तळावर एक बेडूक, अगदी मालकासारखा. अख्खा पूल, सळ्या-सिमेंटसकट, जमिनीतून उचलून आला होता, नाव किनाऱ्याला लागते तसा एका अंगावर कललेला.

कॉन्ट्रॅक्टर दुपारी आला, फोटो काढले आणि म्हणाला जमीन खचली, नैसर्गिक आहे, ॲक्ट ऑफ गॉड. मी म्हटलं अरे बाबा, खचली असती तर पूल खाली गेला असता ना, हा वर आलाय. तर म्हणाला आजूबाजूची जमीन खचली म्हणून पूल वर दिसतोय. साहेब, ३४ वर्षांत मी कन्झ्युमरच्या खूप सबबी ऐकल्यात, मीटर उंदरानं फिरवला इथपर्यंत, पण याला तोड नाही.

आमच्या गल्लीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर राहतात. ते आले, पुलाभोवती एक चक्कर मारली, बोलले काहीच नाही, सरळ आमच्या मोरीत गेले, भरलेल्या पिंपात स्टीलचं पातेलं रिकामं ठेवून मला म्हणाले दाबा. दाबलं की वर येतंय. मग पातेल्यात तांब्या-तांब्यानं पाणी घातलं, ते खाली बसत गेलं. "तुमचा पूल हे पातेलं आहे. भरलेला होता तोवर बसला होता. तुम्ही रिकामा केलात." बायको दारात उभी होती, तिला तेवढ्यात समजलं, मला कागद-पेन लागलं.

तो कागद इथं उतरवतो, कारण पुरवणीतल्या त्या पानापेक्षा तो जास्त कामाचा आहे. हिशोब ढोबळ आहे पण चालतो. आतून २५ बाय १२, सरासरी खोली साडेचार फूट, म्हणजे १३५० घनफूट, म्हणजे जवळपास ३८ हजार लिटर पाणी, ३८ टन. बाहेरून भिंती-स्लॅब धरून २६ बाय १३ बाय ५, म्हणजे १६९० घनफूट. आजूबाजूच्या जमिनीत पाणी अगदी वरपर्यंत चढलं तर पूल तेवढं पाणी बाजूला सारतो आणि ते पाणी पुलाला ४८ टनांनी वर ढकलतं. पुलाचं काँक्रीट भरतं सुमारे २४ टन, प्लास्टर-टाइल्स आणखी ३ टन, एकूण २७. भरलेला पूल २७ आणि ३८ मिळून ६५ टन, तो ४८ ला जुमानत नाही. रिकामा पूल २७ टन. ४८ वजा २७. एकवीस टन वर. माती भिंतीला थोडी धरून ठेवते, पण किती धरणार. आणि पाणी अगदी काठापर्यंत यायलाच हवं असंही नाही, पाणी जमिनीच्या दोन फूट खाली असलं तरी असा पूल रिकामा असताना तरंगायला लागतो. आमच्याकडे जुलैत विहिरीतून वाकून हातानं पाणी घेता येतं.

इथं कोणी पुणे-नाशिककर म्हणेल की आमच्याकडे एवढा पाऊस कुठे, आमच्याकडे खाली खडक आहे. खडक आहे तर आणखीनच सांभाळा. ब्रेकर लावून काळ्या पाषाणात खड्डा फोडला, त्यात पूल बांधला आणि बाजूच्या फटीत सैल मुरूम ढकलला, की तो खड्डा म्हणजे एक मोठी बादलीच झाली, छपराचं, अंगणाचं सगळं पाणी त्या सैल भरावातून आत उतरतं आणि पाषाणातून त्याला बाहेर जायला वाट नसते. आणि काळी माती असेल तर दुसरं दुखणं, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणजे भिंतीला वर्षातून दोनदा ढकलाढकली. जमीन कुठलीही असो, आधी तिला विचारावं लागतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. वकील झाले, पत्रं झाली, शेवटी थोडे पैसे परत मिळाले आणि तो विषय मी सोडला, त्या माणसाचं नाव इथं लिहीत नाही आणि तुम्ही छापूही नका. एक जण म्हणाला काँक्रीटचं झंझट नको, फायबरग्लासचा रेडीमेड पूल आणू, क्रेननं उचलून खड्ड्यात ठेवायचा, आठवड्यात काम. वस्तू चांगली असते, गुळगुळीत, शेवाळ कमी धरतं, मी नावं ठेवत नाही. पण इंजिनिअर साहेबांनी मोरीतल्या पिंपाकडे नुसतं बोट दाखवलं. काँक्रीटचं पातेलं तरंगलं तर प्लास्टिकचं काय करेल. आमच्या जमिनीत तो बसवायचा तर खालच्या पाण्याचा बंदोबस्त आणखी कडक हवा.

जुना पूल ब्रेकरनं फोडला. फोडायला आणि राडारोडा उचलायला एक लाख सत्तर हजार. बांधल्याचे पैसे देताना वाईट वाटत नाही, फोडल्याचे देताना वाटतं.

आणि मग दीड वर्ष काहीच केलं नाही. म्हणजे केलं ते एवढंच, प्लॉटवर एक आठ फुटाचा खड्डा घेतला, त्यात छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा केला, बाजूनं खडी भरली आणि २०२३ चा पूर्ण पावसाळा दर रविवारी त्यात पट्टी सोडून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहिलं. नातू म्हणाला आजोबा मीटर रीडिंग घेतायत. जूनच्या शेवटाला पाच फूट, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ११ इंच. बस, हा एक आकडा. पूल बांधायचा तर या एका आकड्यावर सगळं ठरतं, स्लॅब किती जाड, पाण्याला वाट कुठून, मुळात एवढा खोल जायचं का. पूल बांधणारा पहिल्या भेटीत तुम्हाला टाइल्सचा कॅटलॉग दाखवत असेल आणि पावसाळ्यात इथं पाणी कुठवर येतं हे विचारत नसेल तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

दुसरा पूल २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू केला. या वेळी ज्यांना काम दिलं त्यांच्याबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेलं ड्रॉइंग होतं, त्यावर आयएस ३३७० लिहिलेलं होतं, हे पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठीचं आपलं भारतीय मानक आहे. त्यात काँक्रीट एम-३० या ताकदीच्या ग्रेडच्या खाली चालत नाही. जुन्या पुलाला काय ग्रेड होता तर मिस्त्रीच्या घमेल्याचा. पूल लहान केला, २० बाय १०, कुठेही चार फुटाच्या वर खोल नाही. पोरांना पोहायलाच शिकायचंय, डाइव्ह मारायची नाहीये. स्लॅब दहा इंच आणि ती भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी दीड-दीड फूट पुढे काढलेली, म्हणजे वरची माती त्या ओठावर बसते आणि पुलाला दाबून धरते. मला ही युक्ती फार आवडली. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीत फोडी वर येऊ नयेत म्हणून वर दगड ठेवतात त्यातलीच.

स्लॅबखाली नऊ इंच खडी, खडीत जाळीचे पाइप, पाइपाभोवती कापडासारखी फिल्टर शीट गुंडाळलेली, म्हणजे मातीनं तोंड बुजत नाही. हे सगळे पाइप एकत्र करून उतारानं साठ फुटांवरच्या ओहोळात सोडले, तोंडाला झडप, म्हणजे ओहोळाला पूर आला तर ते पाणी उलटं आत येणार नाही. पूल बांधणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणत होता की एवढं खणण्यापेक्षा संप, म्हणजे पाणी गोळा व्हायचा खड्डा करा, त्यात पंप बसवा, पाणी चढलं की आपोआप चालू होईल. मी म्हटलं साहेब, मी वीज मंडळात ३४ वर्षं होतो, मुसळधार पावसाच्या रात्री वीज असेल या भरवशावर मी पूल ठेवणार नाही. हसला, पण पाइप टाकला.

शिवाय पुलाच्या तळाला मेन ड्रेनमधे, म्हणजे पंप जिथून पाणी ओढतो त्या तोंडात, हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह. नाव मोठं आहे, काम साधं. खालच्या पाण्याचा दाब वाढला तर तो उघडतो आणि जमिनीतलं पाणी पुलात घेतो. गढूळ पाणी आत येतं, पण पूल जागेवर राहतो. दोन-अडीच हजाराची वस्तू. माझ्या नऊ लाख चाळीस हजारांत ती नव्हती.

काँक्रीटच्या दिवशी मी खुर्ची टाकून बसलो होतो. स्लॅब आणि भिंत एका दिवसात होत नाही, मधे जोड येतो आणि पाणी नेमकं तिथूनच जातं, म्हणून जोडात पीव्हीसीची रुंद पट्टी उभी बसवतात, वॉटर स्टॉप, अर्धी खालच्या काँक्रीटमधे, अर्धी वरच्या. पाइप जिथं भिंतीतून जातो तिथं त्याच्या गळ्यात चकती असते, नुसतं भोक पाडून नंतर सिमेंट कोंबायचं नाही. आणि सगळ्या पाइपांत दाबानं पाणी भरून गेज लावून रात्रभर ठेवलं, सकाळी काटा हलला नाही तेव्हाच काँक्रीटची गाडी बोलावली, कारण काँक्रीट पडल्यावर पाइप कुठं गळतोय ते शोधणं म्हणजे भिंतीत लपलेली न्यूट्रलची तूट शोधणं, तो अनुभव मला आहे.

मग टाइल्सच्या आधी पाणी भरून ठेवायची टेस्ट. आधीच्या माणसानं दोन दिवस भरलं आणि म्हणाला बघा गळत नाही. मानकाप्रमाणे भरून आधी सात दिवस नुसतं मुरू द्यायचं, काँक्रीट पाणी पितं, आणि मग पुढचे सात दिवस रोज त्याच वेळेला पातळी मोजायची. चौदा दिवस. कॉन्ट्रॅक्टरला हे चौदा दिवस अंगावर येतात कारण त्याची माणसं रिकामी बसतात, म्हणून हे आधी कागदावर लिहून घ्या. आणि एक घरगुती गोष्ट, उन्हाळ्यात पाणी वाफ होऊनही रोज कमी होतं, मग गळती कोणती आणि वाफ कोणती? पायरीवर एक बादली पाणी भरून ठेवायची, बादलीतली आणि पुलातली पातळी मार्करनं खूण करून ठेवायची. दोन्ही सारखी उतरली तर ऊन, पुलाची जास्त उतरली तर गळती. याला इंजिनिअर लागत नाही.

टेस्ट चालू असताना नात सहावीचं इतिहासाचं पुस्तक घेऊन काठावर बसली होती, त्यात मोहेंजोदडोचं महास्नानगृह, १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद. मला म्हणाली यांनी पण टेस्ट केली असेल का. मला काय माहीत. पण त्या लोकांनी पक्क्या विटा जिप्समच्या मसाल्यात घट्ट बसवून मागे डांबराचा थर दिला होता आणि पाणी बाहेर जायला वेगळा मार्ग काढला होता, साडेचार हजार वर्षांपूर्वी. माझ्या आधीच्या माणसानं दोन्ही केलं नव्हतं.

टेस्टनंतर वॉटरप्रूफिंगचे कोट, मग काचेच्या बारीक टाइल्स आणि सांध्यांत एपॉक्सी, साध्या पांढऱ्या सिमेंटनं सांधे भरले की पुलाच्या पाण्यानं ते हळूहळू खाल्ले जातात. हे तुमच्या पुरवणीत होतं, त्यामुळे पुढे जातो.

मुलांचं मात्र नव्हतं. तळाच्या ड्रेनची जाळी सपाट आणि एकच असेल, पंप ओढत असेल, आणि पोरगं त्यावर बसलं किंवा केस अडकले तर मोठा माणूससुद्धा त्याला ओढून काढू शकत नाही. अमेरिकेत २००२ साली माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात अशीच हॉट टबच्या ड्रेनला ओढली जाऊन गेली, तिच्या नावानं २००७ साली तिथं कायदा झाला आणि सार्वजनिक पुलांना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. उपाय महाग नाही, दोन ड्रेन एकमेकांपासून लांब आणि वर फुगीर जाळी, म्हणजे एक झाकला गेला तरी दुसऱ्यातून ओढ सुटते. आणि कुंपण. माझी भाची मेलबर्नला असते, तिकडे ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी राहू शकेल अशा घरगुती पुलाला १.२ मीटरचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं गेट कायद्यानं लागतं. माझ्याकडे कोणी कायदा घेऊन आला नाही, मी स्वतः लावलं. बायको म्हणाली बागेचा लुक गेला. गेला तर गेला.

हिरव्या पाण्याचंही सांगून टाकतो कारण माझं सगळं रामायण तिथून सुरू झालं. पाणी हिरवं झालं तर पूल रिकामा करायचा नाही. पीएच, म्हणजे पाणी किती आंबट किंवा खारं त्याचा आकडा बघा, ७.२ ते ७.६ च्या मधे आणा, रात्री क्लोरीनचा मोठा डोस द्या, भिंती ब्रशनं घासा, फिल्टर दिवस-रात्र चालू ठेवा, तळाला गाळ बसला की व्हॅक्यूमनं थेट बाहेर काढा, तीन-चार दिवसांत तळ दिसतो. क्लोरीन आणि ॲसिड शेजारी-शेजारी ठेवू नका, एकत्र तर कधीच नाही, त्यातून निघणारा वायू फुप्फुसं जाळतो. आणि मार्च २०२४ मधे बंगळुरूत पाण्याचे एवढे हाल झाले की तिथल्या पाणी मंडळानं पुलात पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली, पाच हजार दंड ठेवला. तेव्हा माझा पूल भरायचा चालू होता, विहिरीच्या पाण्यानं, तरी पेपर वाचून ओशाळल्यासारखं झालं. भरलेलं पाणी सांभाळणं हे पूल असणाऱ्याला करावंच लागतं, दरवर्षी चार टँकर ओतून टाकणं शोभत नाही, उन्हाळ्यात आमच्याच खालच्या वाडीत बायका हंडे घेऊन उभ्या असतात.

दुसऱ्या पुलाला एकूण खर्च साडेतेरा लाख, आकारानं पहिल्याच्या दोन-तृतीयांश. लोक विचारतात एवढे कशाला, वरून तर सारखाच दिसतो. बरोबर आहे, जास्तीचे पैसे सगळे खाली आहेत, दिसत नाहीत.

संपादक साहेब, तुमच्याकडून एकच मागणं आहे. पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा तयार पुलाचा फोटो छापा, पण शेजारी त्याच पुलाचा काँक्रीट पडण्याआधीचा फोटो पण छापा, खडी, पाइप, सळ्या, चिखल, सगळं. ज्या बांधणाऱ्याकडे असा फोटो नाही त्याचं नाव छापू नका.

आमच्या पंपरूमच्या दारावर मी ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय, ‘जून ते ऑक्टोबर पूल रिकामा करू नये’, आणि खाली माझा मोबाइल नंबर. वहीही चालू आहे. परवा रात्रभर कोसळत होता, वीज साडेअकराला गेली ती सकाळी सातला आली. सकाळी छत्री घेऊन गेलो, शेजारच्या विहिरीत पाणी काठापासून हातभर, माझ्या पुलाच्या कडेच्या पाइपात पट्टी सोडली तर पाणी चार फूट दोन इंचांवर. वाडीतले बाबा बांधावर उभे होते. मी आकडा सांगितला. त्यांनी विडी पेटवायचा दोनदा प्रयत्न केला, काडी सर्दली होती, मग म्हणाले, "वहाळात तुमच्या पाइपाचं पानी लय जोरात येतंय, आमची खेकडी पळाली."

कळावे,
आपला एक वाचक,
वांगणी